गरम तेलातला आवाज

बर्फाच्या कारखान्याचा ट्रान्सफॉर्मर ट्रकमधून उतरवला, तेव्हा बाई पहिलं बोलल्या ते हे, की हा आपल्याकडून गेलेला नाहीच. टेस्टरने फडकं घेऊन टाकीवरची पाटी पुसली. पाटी आपलीच निघाली. मग बाई म्हणाल्या, मध्ये कुणीतरी उघडून हात घातला असणार. झाकणाचं सील धड होतं. मग त्या म्हणाल्या, बर्फवाल्यानेच धोपटला असेल, त्याचं तोंडच सांगतं. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कारटं ही म्हण सगळ्यांनाच ठाऊक असते. बाईंच्या वर्कशॉपात तो कायदा होता.

वर्कशॉप म्हणजे एक लांबलचक शेड. वर क्रेन, खाली तेल मुरून काळी पडलेली फरशी, एका अंगाला कागदाची रिळं आणि तांब्याची तार, आणि मागची भिंत बाईंच्या स्वयंपाकघराला लागून. नवरा गेल्यापासून सगळा कारभार बाईंच्या हाती. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं ते जेमतेम अक्षरं ओळखण्यापुरतं. पण तारेवर कागद गुंडाळण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे त्या स्वतःच सांगत असल्यामुळे दुसऱ्या कुणाला सांगावं लागत नसे.

ट्रान्सफॉर्मरच्या पोटात तांब्याच्या तारेच्या तीन कॉइल ओळीने उभ्या असतात. तारेवर कागदाची पट्टी, पट्टीवर पट्टी, आणि ते सगळं तेलात बुडालेलं. कागद आणि तेल मिळून विजेला आपल्या वाटेवर ठेवतात. कागदाला कुठे चुणी पडली आणि चुणीत हवा अडकली, की तिथे बारीक ठिणगी चटचटायला लागते. डोळ्याला दिसत नाही, पण आवाज होतो. वेळीच धरली नाही तर एक दिवस सगळा डबा पेटतो.

या डब्यातली पहिली कॉइल बाईंनी गुंडाळलेली, तिसरी त्यांच्या मुलाने, आणि मधली सुनेने. सुनेच्या हातची ती शेवटची. मागच्या थंडीत साध्या तापाचं निमित्त झालं, ताप छातीत उतरला आणि होत्याचं नव्हतं झालं. बाकी तिने गुंडाळलेलं सगळं लांब लांब गेलं होतं, कुठे खाणीवर, कुठे बंदरावर. बर्फाचा कारखाना तेवढा गावातला. मुलगा संध्याकाळी बाजारातून येताना सरळ रस्ता सोडून वळसा घालून तिकडून घरी यायचा. कुंपणाला टेकून उभा राहायचा, तो डबा घुमत असायचा ते ऐकायचा. बाईंना ही खबर लागली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, माणसं देवाशी बोलतात, भिंतीशी बोलतात, आमचे चिरंजीव डब्याशी बोलतात. मुलाने ऐकून घेतलं आणि वळसा चालू ठेवला.

घुमण्यात चटचट मिसळलेली पहिल्यांदा त्यालाच ऐकू आली. गप्प बसला असता तर डबा तसाच राहिला असता, एक दिवस जळाला असता. त्याने येऊन सांगितलं. सांगितलं म्हणजे डबा उघडणार, आणि उघडला म्हणजे कुठलीतरी एक कॉइल कापणार, हे त्याला सांगतानाच कळत होतं. कापलेली कॉइल परत जोडता येत नाही. कागद जाळतात आणि तांबं भट्टीत जातं.

टेस्टर म्हणजे बाईंचा भाचा, नणंदेचा मुलगा. त्याला कानसेन म्हणायचे. तानसेन होणं नशिबात नव्हतं, निदान कानसेन तरी झाला, असं सूनच म्हणाली होती, आणि नाव चिकटलं ते चिकटलं. त्याचं काम टाकीच्या आतला आवाज बाहेरून ऐकण्याचं. बोटाच्या पेराएवढी यंत्रं तो ग्रीस लावून टाकीला चिकटवायचा. ठिणगी उडाली की विजेचा झटका मीटरला लगेच कळतो, आवाज मात्र तेलातून चालत चालत भिंतीपर्यंत येतो. त्याला किती वेळ लागला ते मोजायचं आणि त्यावरून ठिणगी किती लांब आहे ते काढायचं. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. आवाज तेलात हवेच्या चौपट जोराने चालतो, आणि टाकीच्या पत्र्यातून तर त्याहून जोरात पळतो, त्यामुळे पत्र्यातून आलेला आवाज आधी पोचून भलतीच चुगली करतो. खरा कुठला आणि चुगलखोर कुठला, हे ओळखण्यात कानसेनची सगळी विद्या होती.

वर्कशॉपात वीज तोडणारे गॅसचे ब्रेकरही यायचे. त्यातला गॅस हवेपेक्षा कितीतरी जड, ना वास ना रंग, आणि त्यात आवाज हवेतल्यापेक्षा निम्म्यानेही चालत नाही. एकदा कानसेनने तो फुग्यात भरला, घोटभर तोंडात घेतला आणि बाईंच्या ढंगात विचारलं, कागद काय फुकट येतो का. आवाज असा निघाला, की रांजणात तोंड घालून म्हैस हंबरावी. सून हसता हसता कागदाच्या रिळांवर बसली. बाईंनी भाच्याला विचारलं की याच्यासाठी तुला मामाने शिकवलं का, आणि सुनेशी पुढे कितीतरी दिवस फक्त कामापुरतं बोलल्या. म्हणजे तसं त्या एरवीही कामापुरतंच बोलायच्या, पण त्या दिवसांत ते जाणवेल असं बोलल्या.

तर डबा आला. मीटरने सांगितलं ठिणगी आहे. पहिली आणि मधली कॉइल यांच्या आसपास कुठेतरी आहे, एवढंच सांगितलं. मीटरला दोघी सारख्याच. कदाचित तेलात ओल धरली असेल, तेल स्वच्छ केलं की आवाज जाईल, या आशेवर तेल काढलं, फिल्टर मशीनमधून तापवून गाळून परत भरलं. दिवस त्यातच गेला. आणि या वर्कशॉपचा एक नेम होता, बाईंच्या नवऱ्याने घालून दिलेला: तेल भरलं की एक रात्र निजू द्यायचं. तेल निजलं की आतले बुडबुडे वर येतात, तेल निवतं, मग सकाळी वीज लावायची आणि ऐकायचं. मोठमोठी गिऱ्हाइकं दारात पाय आपटून गेली, पण तो नेम कुणी मोडला नव्हता.

त्या दिवशी बाईंनी मोडला. बर्फवाला दाराशी उभा होता हे खरं. त्याचा माल वितळत होता आणि त्याची जीभ गोठत नव्हती, हेही खरं. पण बर्फवाल्यासारखे छप्पन्न बाईंनी कोळून प्यायले होते. खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती बाईंच्या दहा बोटांना आणि त्यांच्या मनालाच ठाऊक होती. गेली काही वर्षं त्यांच्या बोटांची टोकं बधिर व्हायला लागली होती. गरम भांडं उचललं तरी उशिरा कळायचं. कागदाची कड पूर्वी बोटाखाली गवताच्या पात्यासारखी लागायची, ती लागेनाशी झाली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. ज्या हाताचं नाव घेऊन सगळ्यांना धारेवर धरलं, तो हात मेला असं सांगायचं कोणाला? त्यांनी तशीच कॉइल गुंडाळली होती, आणि खोट कुणाची निघते याची वाट पाहत आणखी एक रात्र काढणं त्यांना झेपणार नव्हतं.

म्हणून त्यांनी फर्मान काढलं, वीज आत्ताच लावा.

कानसेनने लावली. यंत्रं चिकटवली, ऐकलं, आकडे मांडले, पुन्हा मांडले. मग मान खाली घालून म्हणाला, मधली.

बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि आपल्याला बरं वाटलं हे त्यांना कळलं. हे कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं नंतर त्यांना फार वेळा वाटलं.

"मामी, तेल अजून गरम आहे," कानसेन म्हणाला. "बुडबुडेही असतील. निजू दे रात्रभर. सकाळी परत ऐकतो."

बाईंनी त्याला विचारलं की तुझ्या यंत्रावर तुझाच विश्वास नसेल तर ते घेतलं कशाला.

तेव्हा मुलगा पुढे आला. पोरगा तसा अबोल, बापाच्या वळणावर गेलेला. बायको गेल्यापासून तर त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे खडकातून पाणी काढणं. तो आईच्या समोर उभा राहिला.

"आई, एक रात्र थांब. मी दुसरं काही मागत नाही."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, काम म्हणजे काम, इथे माझी कॉइल आणि तुझी कॉइल नसते, खोट असेल ती कापायची, तुझ्या बापाची असती तरी कापली असती. आणि रात्र उलटली तर सकाळी कानसेन पुन्हा ऐकेल, ही धास्ती मनात होती म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी टाकीतलं सगळं तेल उपसायला लावलं. तेलच नाही तर ऐकणार काय?

सकाळी मुलानेच क्रेन चालवली. दुसऱ्याच्या हाती ती हिसके खाते, त्याच्या हाती नाही. तिन्ही कॉइल तेल गाळत वर आल्या, त्याने त्या ओट्यावर अलगद ठेवल्या, क्रेनची साखळी सोडवली, आणि तो मागच्या अंगणात निघून गेला.

सुरी बाईंनी स्वतः घेतली. असलं काम दुसऱ्यावर ढकलण्याइतक्या त्या हलक्या नव्हत्या. मधल्या कॉइलचा वरचा कागद त्यांनी उभा चिरला. सून डावखुरी होती, तिची पट्टी सगळ्यांच्या उलट्या अंगाला तिरकी जायची. पहिल्या वर्षी बाईंनी तिला ते किती वेळा उकलायला लावलं होतं. म्हणायच्या, घरात चालतानाही अशीच उलटी चालतेस का. मग तिने उजव्या हाताने करून पाहिलं, ते वेडंवाकडं झालं, तेव्हा बाई म्हणाल्या, राहू दे, तुझं उलटंच बरं. सुनेला मिळालेली शाबासकी म्हणतात ती एवढीच.

थर सुटत गेले. तेल प्यालेला कागद मधाच्या रंगाचा झाला होता. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर निम्मी, कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. बाई चिरत गेल्या, कानसेन दिवा जवळ धरून पाहत गेला. एक थर, आणखी एक. काळा ठिपका तिळाएवढासुद्धा नाही. शेवटी तांबं लागलं. ते पहिल्या दिवसासारखं लाल होतं. बाईंच्या भोवती कागदाचा ढीग पडला होता, आणि त्या ढिगात एकही वाईट तुकडा नव्हता.

असं काम आपल्याला आपल्या भरातसुद्धा जमलं नव्हतं, हे बाईंना दिसलं.

कानसेन खाली फरशीवरच बसला. त्याने कालचे आकडे काढले, बघितले, आणि कपाळाला हात लावला. माणूस थंडीत आखडतो आणि उन्हात चालायला लागतो. तेलातल्या आवाजाचं तंत्र उलटं. थंड तेलात तो तरतर चालतो, गरम तेलात रेंगाळतो. या वर्कशॉपात तेल नेहमी निजलेलं, निवलेलं. त्यामुळे कानसेनच्या यंत्रात थंड तेलाचीच चाल बसवून ठेवलेली होती, तिला हात लावायची पाळीच कधी आली नव्हती. काल आवाज रेंगाळत आला. यंत्राला वाटलं उशीर झाला म्हणजे लांबून आला. ठिणगी होती त्याच्यापुढे वीतभर लांब दिसली. पहिल्या कॉइलच्या कडेला होती, ती मधलीवर जाऊन पडली.

कानसेन इंजिनियर होता, पण त्याला रडू आवरेना. वहिनीची कॉइल आपण मारली, असं तो म्हणत होता. मग उठून म्हणाला की दादाला आपणच सांगतो, आकडा आपला चुकला, मामींचं यात नाव यायचं कारण नाही.

बाईंना वाट काढून दिलेली होती. चालायचं तेवढं बाकी होतं. आणि भाचा खोटंही बोलत नव्हता, आकडा त्याचाच चुकला होता. पण तेल कुणी निजू दिलं नाही, आणि कुणी उपसलं, हे कुठल्या आकड्यात बसणार होतं?

त्यांनी त्याला दिवा धरायला सांगितलं आणि आपल्या स्वतःच्या कॉइलला सुरी लावली.

खालून सुरुवात केली. वरचा कागद सुटला, आणि बाई थांबल्या. खालची पट्टी उलट्या अंगाला तिरकी जात होती. डावखुरी. त्यांना वाटलं आपण चुकून दुसऱ्याच कॉइलला हात घातला. त्यांनी कॉइलवरचा गुंडाळणाऱ्याचा शिक्का पाहिला, शिक्का त्यांचाच होता. पुढे उकललं. पुन्हा उलटी तिरकी, पुन्हा तोच सारखा, निम्म्यावर निम्मा पडलेला हात. बाईंनी गुंडाळलेलं कुणीतरी सोडवून, सरळ करून, पुन्हा गुंडाळलं होतं. खालून वर येत येत अर्ध्याच्या पुढे आलं होतं, आणि मग एका ठिकाणी थांबलं होतं. तिथे पट्टीचं टोक दुमडून नीट दाबून ठेवलेलं होतं, उद्या येऊन पुढे करू म्हणून ठेवतात तसं. तिथून वर बाईंचा स्वतःचा हात सुरू होत होता. वर चुण्या होत्या. एकीत काळा ठिपका होता, कडेने करपलेला.

त्या थंडीत ती अंथरुणाला खिळली, ती याच कॉइलच्या वेळी. बाईंना तेही आठवलं, की पहिल्या दोन दिवसांत आपण तिला म्हणालो होतो, ताप सगळ्यांनाच येतो.

कानसेनने दिवा बाजूला केला. बाईंनी दुमडलेलं ते टोक बोटाने चाचपलं. बोटाला काही कळलं नाही.

अंगणात मुलगा तारेचं नवं रीळ फडक्याने पुसत बसला होता. बाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आयुष्यात त्यांनी कुणापुढे मान तुकवली नव्हती, नवऱ्यापुढे नाही, सासूपुढे नाही. कशी तुकवतात ते ठाऊक नव्हतं, म्हणून सरळच उभ्या राहून बोलल्या.

"खोट माझ्या कॉइलमध्ये निघाली. तिची निर्मळ होती."

मुलाने फडकं थांबवलं नाही. "माहीत आहे," तो म्हणाला.

"आत्ता ऐकलंस?"

"नाही. आधीपासून. तू घरी गेलीस की ती मागे राहायची. तुझं उकलून नीट करायची. शेवटी शेवटी तर प्रत्येक कॉइल."

"आणि तू काय करायचास?"

"मी दिवा धरायचो."

बाई भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. किती वेळा त्यांनी सकाळी येऊन आपली कॉइल पाहिली होती, आणि तिच्यादेखत म्हटलं होतं, बघ, याला म्हणतात हात. सून मान हलवायची. आणि ते पट्टीचं वळण आपल्याला दिसलं कसं नाही? वर सगळ्यावर जाड कागद पुन्हा चढवून ठेवलेला असायचा हे खरं. पण त्यांनी आत कधी पाहिलंच नव्हतं. आपलं काम तपासायची गरज त्यांना कधी वाटली नव्हती.

"मग काल तोंड का उघडलं नाहीस? तिची कॉइल कापतायत, आणि तू उभा."

मुलाने आता फडकं खाली ठेवलं.

"तिने माझ्याकडून शब्द घेतला होता. म्हणाली, आईंच्या हाताला नाव आहे, ते आपण मोडायचं नाही. त्यांच्याकडे दुसरं काय आहे." त्याने रीळ जवळ ओढलं. "मला वाटलं, एक रात्र मिळाली तर ते मशीनच सांगेल. मग मला बोलावं लागणार नाही."

बाईंना वाटलं होतं पोरगा चिडेल, निदान आवाज चढवेल. त्याच्यावर उलट तोफ डागायची तयारी त्यांच्या जिभेला सवयीने झालेली होती. तिचं काही काम पडलं नाही. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर धरायला कुठेतरी काठ लागला असता.

"मी दिली नाही रात्र," त्या म्हणाल्या.

"नाही दिलीस."

आतून कुणीतरी विचारायला आलं, की कापलेल्या मधल्या कॉइलचं तांबं भट्टीच्या ढिगात टाकायचं का. मुलगा हो म्हणाला. बाईंच्या तोंडातून नको निघत होतं, पण नको म्हणून करणार काय त्याचं? तुकडे झालेलं तांबं, तांब्यासारखं तांबं. तिचा हात होता तो कागदात होता, आणि तो कागद त्यांनीच थराथराने फरशीवर टाकला होता. कुणी एव्हाना तो झाडूनही काढला असेल.

मुलगा उठला, रीळ खांद्यावर घेतलं. दाराशी जाऊन मागे वळला.

"दोन्ही कॉइल मी गुंडाळतो," तो म्हणाला. "तू तिकडे येऊ नकोस, आई."

चहा निवला म्हणून सांगावं इतक्या साधेपणाने म्हणाला. या वर्कशॉपात बाईंना कुठे यायचं आणि कुठे नाही, हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सांगणाऱ्याची त्यांनी सालटी काढली असती. त्या हो म्हणाल्या. इतक्या हळू म्हणाल्या, की पोराला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

शेडमधून त्या चालत गेल्या तेव्हा भर कामाची वेळ होती. माणसांनी हातातली कामं न थांबवता वाट दिली. ओट्याजवळ त्यांची बसायची घडवंची होती, तिच्यावर कुणीतरी रिकामं रीळ ठेवलं होतं. बाईंनी ते काढायला सांगितलं नाही. कानसेन मामी म्हणून दोन पावलं आला आणि तिथेच थांबला.

स्वयंपाकघरात त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. थोड्या वेळाने पलीकडून गुंडाळायच्या मशीनचा आवाज येऊ लागला. सलग नव्हता. थोडं फिरायचं, मग थांबायचं, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा थोडं. एखाद्याला कागद जमत नसला म्हणजे मशीन असं थांबतं, किंवा डोळ्यांपुढचं दिसत नसलं म्हणजे. काय झालं म्हणून विचारायला बाई उठल्या नाहीत.